खिसावालं विमान

माझ्याकडे कोणी बघत नाही. माझ्यावर चढतात आणि पलीकडचं बघतात. त्याचं मला वाईट वाटत नाही, शिडीचं कामच ते. मी घडीची शिडी आहे, ॲल्युमिनियमची, पाच पायऱ्यांची. विमानतळाच्या कुंपणाच्या खांबाला साखळीनं बांधलेली. कुंपणाच्या जाळीला पुरुषभर उंच पत्रा मारलेला आहे, त्यामुळे जमिनीवर उभ्या माणसाला आतलं काही दिसत नाही. माझ्या तिसऱ्या पायरीवरून सगळं दिसतं.

मी सहसा बोलत नाही. पण एक गोष्ट अशी आहे, जी फक्त मला आणि दोन माणसांना ठाऊक आहे. ज्याला ती ठाऊक असायला हवी होती, त्याला ती कळलीच नाही. म्हणून बोलतेय.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. नळ्या कापल्या, पायऱ्या बसवल्या, रिबिटं ठोकली, चारही पायांत काळे रबरी बूट घातले. माझ्यासारख्या कितीतरी जणी रांगेत उभ्या होत्या. मग एका हार्डवेअरच्या दुकानात बादल्या आणि झाडू यांच्या मध्ये मी बरेच दिवस उभी राहिले. एके दिवशी एक रंगारी आला. त्यानं मला उघडलं, बंद केलं, परत उघडलं, वर चढून दोनदा उड्या मारल्या, खाली उतरून पायाशी वाकून बघितलं.

दुकानदार कंटाळून म्हणाला, "अहो, बायको पसंत करताना तरी इतकं बघितलं होतं का?"

"तिच्यावर चढून छताला रंग द्यायचा नव्हता," रंगारी म्हणाला आणि मला खांद्यावर टाकून निघाला.

तो फार बोलायचा नाही, पण बोलला तर असं. त्याचा धाकटा भाऊ त्याला दादा म्हणायचा. त्याचं ऐकून गल्ली दादा म्हणायला लागली, गिऱ्हाईकं दादा म्हणायला लागली, म्हणून मीही दादाच म्हणते.

दादाबरोबर मी पुष्कळ घरं बघितली. रिकामी घरं, भरलेली घरं, भांडून वाटणी केलेली घरं. माणसं रंगाऱ्यासमोर काहीही बोलतात. शिडीवर उभा असलेला माणूस त्यांना माणूस वाटत नाही. प्रत्येक घरानं माझ्यावर आपला एखादा थेंब सोडला. माझी वरची पायरी बघितलीत तर पिवळा, निळा, मातकट, पांढरा, पुन्हा पांढरा असे थर दिसतील. लोकांना शेवटी पांढराच हवा असतो.

दादाची एक सवय होती. काम संपलं की तो भिंतीसमोर उभा राहायचा नाही. कडेला जायचा, गाल भिंतीला टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि आडवं बघायचा. एकदा एका घरातली ताई म्हणाली, "दादा, छान तर झालीय भिंत. असं मांजरासारखं काय बघताय?"

"समोरून सगळ्याच भिंती छान दिसतात, ताई. उजेड आडवा पडला की खरं कळतं. इथं कधीतरी मोठं भोक बुजवलंय, हो ना?"

"अगंबाई! इथं आधी पंखा होता, भिंतीतला. तुम्हाला कसं कळलं?"

"रंगाचे कितीही हात द्या. रंग बदलतो, ठिगळ राहतं."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. ॲल्युमिनियमचं असंच असतं. उन्हात पटकन तापतं, सावलीत पटकन गार होतं. आत फार काही राहत नाही, असं मला वाटायचं.

आता धाकट्याबद्दल. त्याला सगळे बारक्या म्हणायचे. तो बारीक अजिबात नव्हता. चांगला दारातून वाकून आत येणारा गडी होता. पण लहानपणी बारका होता, ते नाव चिकटलं. दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत तो कामाला होता. धुतलेल्या चादरींचे गठ्ठे ट्रॉलीत भरायचे, गाडीतून दवाखान्यात न्यायचे, मळलेल्या परत आणायच्या. लग्न केलं नव्हतं. दादा, वहिनी आणि तो असे तिघं दोन खोल्यांत राहायचे. मी त्यांच्या दाराबाहेर, भिंतीला टेकून.

सुट्टीच्या दिवशी मला सुट्टी मिळावी, पण बारक्या मला सायकलला बांधायचा.

"वहिनी, शिडी नेतोय."

"घेऊन जा. तिचं नशीबच तसलं, आठवडाभर थोरल्याचं वजन आणि सुट्टीला धाकट्याचं. डबा घेतलात का, भावजी?"

"घेतला."

"गोळी?"

"घेतली."

"दिवस मावळायच्या आत खायचं. आधी गोळी, मग डबा. नाहीतर परवासारखं पोट धरून बसाल आणि मला जागवाल."

त्याला पोटाचा त्रास होता. उपाशी राहिला की कळ यायची. वहिनी डब्याच्या झाकणावर गोळी ठेवून वर रबर लावून द्यायची, म्हणजे गोळी घेतल्याशिवाय डबाच उघडायचा नाही.

कधी कधी बारक्या दादाला म्हणायचा, "चल की माझ्याबरोबर. एकदा तरी."

"मी आठवडाभर शिडीवर असतो. सुट्टीलाही चढू? आणि काय बघायला, तर विमान!"

"अरे, मजा असते."

"तुझी तुला."

यापुढे दादा बोलायचा नाही. घरावरून विमान गेलं की बारक्या बाहेर पळायचा आणि दादा मान खाली घालून ब्रश धुवायचा. ब्रश स्वच्छ असला तरी.

विमानतळाच्या कुंपणापाशी मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, इथं काही काम चाललंय. कारण शिड्याच शिड्या. लाकडी, लोखंडी, कोणाचं स्टूल, कोणाचं दुधाचं क्रेट पालथं घातलेलं. आणि प्रत्येकावर एक माणूस, पत्र्यावर कोपरं टेकून, पलीकडे तोंड करून. काम काहीच नव्हतं. सगळे विमानं बघायला आलेले. मला हे समजायला वेळ लागला. कामाशिवाय कोणी शिडीवर चढतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

आमच्या शेजारी दोघं असायचे. एक मास्तर, म्हणजे म्हातारे शिंपी, आता दुकान जावयाला देऊन मोकळे झालेले. ते क्रेटवर उभे राहायचे. दुसरी सिस्टर, दवाखान्यातली नर्स. ती ड्यूटी संपवून थेट यायची, दुर्बीण डोळ्याला लावायची आणि म्हणायची, "हं. आता कोणी माझ्याकडे बेडपॅन मागू नका."

हळूहळू मला कळायला लागलं, ही माणसं काय बघतात. आभाळातलं मला काही समजत नाही, पण वर उभ्या माणसाचे पाय मला सांगतात. लांब आभाळात पहिला दिवा दिसला की बारक्याच्या टाचा उचलल्या जायच्या. त्याच्यामागे दुसरा दिवा, त्याच्यामागे तिसरा, संध्याकाळी तर ओवलेल्या मण्यांसारखी रांग लागायची. आडवा वारा असला की विमान खेकड्यासारखं तिरकं येतं आणि जमिनीला टेकताना सरळ होतं. त्या क्षणी कुंपणावरचे सगळे श्वास धरायचे. चाकं टेकली, धुराचा पुंजका उडाला, की सगळ्यांचे श्वास एकदम सुटायचे, जणू त्यांनीच ते उतरवलं.

"बसलं!" मास्तर म्हणायचे. "कसं टाचणीनं टोचल्यासारखं बसलं."

"मास्तर, हे कापड नाही," सिस्टर म्हणायची.

"तू गप. उतरणं आणि शिवण, दोन्ही सरळच हवं."

बारक्या आवाजावरून विमान ओळखायचा. सिस्टर शेपटीवरचा नंबर वाचायची. प्रत्येक विमानाला स्वतःचा नंबर असतो, माणसाच्या नावासारखा. एकाच जातीची शंभर विमानं, पण ह्यांना त्यातलं हे पाहिलंय आणि ते पाहिलेलं नाही, हे पाठ. नवीन नंबर दिसला की एखाद्याला लॉटरी लागावी तसा चेहरा. आणि नियम एकच. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तरच बघितलं. दुसऱ्यानं सांगितलेलं धरायचं नाही.

एकदा भर दुपारी वारा फिरला. धावपट्टीच्या कडेला कापडाची एक लांब पिशवी असते, वारा कुठून येतो ते दाखवणारी. ती लोंबली आणि उलट बाजूला फुगली. विमानं नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरतात, म्हणजे आता दुसऱ्या टोकानं येणार. झालं! सगळ्यांनी शिड्या उचलल्या आणि विमानतळाला वळसा घालून पळाले. मी सायकलवर, मास्तर क्रेट डोक्यावर घेऊन, सिस्टर चप्पल हातात घेऊन. धापा टाकत तिथं पोचलो, शिड्या लावल्या, वर चढलो. पिशवी परत फिरली.

मास्तर क्रेटवर बसून हसायला लागले ते थांबेचनात. बारक्याच्या हसण्यानं माझी रिबिटं हलत होती. इतकं हसणारं ओझं मी त्याआधी आणि त्यानंतर पेललं नाही.

पण बारक्या खरा यायचा तो एकाच विमानासाठी.

ते त्यानं एकदा मास्तरांना सांगितलं. तो अगदी लहान असताना त्याचे बाबा परदेशी कामाला गेले. ह्याच विमानतळावरून. तेव्हा पत्रा नव्हता, नुसती जाळी होती, तीही उंच. पोरगं रडायला लागलं, मला दिसत नाही म्हणून. दादानं, तोही काही फार मोठा नव्हता, त्याला खांद्यावर घेतलं. बाबा जिना चढून विमानाच्या दाराशी पोचले, वळले आणि हात केला. विमानाची शेपटी लाल होती. आणि दाराच्या बाजूला, बाबांच्या कोपराशी, विमानाला एक ठिगळ होतं. चौकोनी, खालचे दोन कोपरे गोल. शर्टाच्या खिशासारखं.

"मी ओरडलो, दादा, विमानाला खिसा! आणि दादा हसला. मला एवढंच आठवतं. बाबांचा चेहरा आठवत नाही, खिसा आठवतो."

"आणि बाबा?" मास्तरांनी विचारलं.

"आले नाहीत परत. आधी फोन यायचे. मग ते बंद झाले. जिवंत आहेत असं एकानं सांगितलं, तिकडंच दुसरं बिऱ्हाड केलंय असं. दादानं शाळा सोडली, रंगाचा डबा धरला. तेव्हापासून त्यानं विमानाकडे मान वर करून बघितलेलं नाही."

सिस्टरनं दुर्बीण खाली घेतली.

"ती लाल शेपटीची कंपनी बुडाली," बारक्या म्हणाला. "तिची विमानं कुठं कुठं विकली. पण विमान मरत नाही लवकर. कुठंतरी उडत असेल. कधीतरी इथं उतरेल. ज्या दिवशी दिसेल ना, त्या दिवशी दादाला इथं ओढत आणणार. चढवणार ह्या शिडीवर. बघ म्हणणार. माणूस गेला, त्यात विमानाचा काय दोष?"

त्या दिवसापासून सगळं कुंपण खिसावालं विमान शोधायला लागलं. थट्टाही चालायची. "बारक्या, आज एक धोतरवालं उतरलं, खिसा नव्हता." पण शोधायचे सगळे मनापासून. नवीन, अनोळखी, लांबून आलेलं कुठलंही विमान आलं की आधी त्याच्या दाराकडे बघायचे.

पुढे माझ्या एका पायाचा रबरी बूट गेला. फरशीवर मी घसरायला लागले, म्हणून दादानं नवी शिडी आणली, उंच, माझ्यापेक्षा हलकी. मला बारक्याला देऊन टाकलं. "ने तुझ्या विमानांना," म्हणाला. बारक्यानं बुटाच्या जागी जुन्या टायरचा तुकडा बसवला आणि मला इथं आणून खांबाला साखळी घातली, कुलूप लावलं. आता रोज कामावरून सुटल्यावर तो यायचा.

आणि रोज दिवस मावळायच्या सुमाराला एक मालवाहू विमान यायचं. करडं, जाड्या अंगाचं, जुनं. खिडक्या नाहीत, काही नाही. ते उतरून धावपट्टीवरून वळायचं आणि आमच्या कुंपणासमोरच्या वाटेनं, अगदी जवळून, सावकाश गोदामाकडे जायचं. रोज तेच, रोज त्याच वेळी. त्याचा नंबर सगळ्यांना पाठ. आता त्याच्याकडे कोण बघणार? वहिनीनं सांगितलेली वेळ आणि त्याची वेळ नेमकी एक होती. म्हणून त्याचा आवाज आला की बारक्या खाली उतरायचा, माझ्या खालच्या पायरीवर बसायचा, रबर काढायचा, गोळी घ्यायचा आणि डबा उघडायचा. कुंपणावर त्या विमानाला नावच पडलं, जेवणाचं विमान.

"आलं रे तुझं जेवणाचं विमान. उतर," मास्तर म्हणायचे.

तो पाठ करून जेवायचा. त्याच्या पाठीमागून, पत्र्याच्या पलीकडून, ते गुरगुरत निघून जायचं. मग तो डबा झाकायचा आणि वर चढायचा.

एके दिवशी तो आला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि क्रेट नेहमीच्या जागी ठेवलं. माझ्या पायऱ्यांच्या कोपऱ्यात कोळ्यानं जाळं केलं. आठवड्यानं सिस्टर आली. तिनं दुर्बीण डोळ्याला लावलीच नाही.

"चादरींच्या गाडीवर दुसराच माणूस होता," ती म्हणाली. "मी विचारलं, बारक्या कुठाय. तर म्हणाला, गेला. गठ्ठा उचलताना छातीत कळ आली. त्याला वाटलं, पोटाचीच आहे. बसून राहिला. बसल्या बसल्याच."

मास्तर म्हणाले, "हं."

विमानं उतरत होती. जेवणाचं विमान आलं आणि गेलं. माझ्यावर कोणी चढलं नाही. इथली रीत आहे, मालकाला विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या शिडीवर चढायचं नाही.

मला काय वाटलं, असं तुम्ही विचाराल. मला काही वाटलं नाही. मी उन्हात तापत होते, संध्याकाळी गार होत होते. माझी वरची पायरी रिकामी होती, एवढंच.

बऱ्याच दिवसांनी विमानतळाचा पहारेकरी आला. मालक नसलेल्या वस्तू कुंपणाला ठेवता येणार नाहीत, म्हणाला. ज्याची शिडी तो आला नाही तर साखळी कापून भंगारात. सिस्टरनं लाँड्रीतून पत्ता मिळवला आणि वहिनीला जाऊन सांगितलं.

आणि मग दादा आला.

त्याच्या हातात लोखंड कापायची करवत होती. कपड्यांवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे. तो वाळला होता, पण हात तसेच होते. मी ते ओळखले.

"तुम्ही त्याचे भाऊ," मास्तर म्हणाले.

"हो. शिडी न्यायला आलोय. किल्ली सापडत नाही, म्हणून करवत."

"न्यायलाच हवी का? तुम्ही आहात म्हटल्यावर पहारेकरी काही म्हणणार नाही. राहू दे इथं."

"काय करू ठेवून? मी विमानं बघत नाही." साखळी चाचपत तो म्हणाला, "घरात ती म्हणाली, त्याची वस्तू भंगारात जाऊ देऊ नका. नाहीतर मी आलोही नसतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. दुःखही नव्हतं. दुकानात रंगाचा भाव विचारावा तसा आवाज.

सिस्टर हळूच म्हणाली, "रडलात का हो तुम्ही?"

"वेळ नाही मिळाला. कामं आहेत." त्यानं साखळीच्या कडीला करवत लावली.

कडी जाड होती. पातं सरकत होतं, चुरा माझ्या पायावर पडत होता. ऊन उतरलं होतं. तेवढ्यात आभाळातून तो ओळखीचा आवाज आला आणि मास्तरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आलं रे जेवणाचं विमान. उतर."

मग त्यांनी जीभ चावली.

दादाची करवत थांबली. "म्हणजे काय?"

"काही नाही. रोजचं मालवाहू आहे एक. ते आलं की बारक्या खाली उतरून डबा खायचा. गोळीची वेळ असायची ना."

दादानं करवत खाली ठेवली. तो माझ्यावर का चढला, हे मी सांगू शकत नाही. कदाचित वाकून त्याची पाठ भरून आली असेल. कदाचित भाऊ जिथून उतरायचा ती जागा त्याला बघायची असेल. तो चढला रंगाऱ्यासारखाच, एका बाजूनं, गुडघा पायरीला टेकवून. खूप दिवसांनी माझ्यावर ओळखीचं वजन आलं.

विमान उतरलं, वळलं आणि कुंपणासमोरच्या वाटेनं यायला लागलं. दादा त्याच्याकडे बघत नव्हता, मान खालीच होती. पण ते अगदी समोर आलं. मावळतीचं ऊन त्याच्या अंगावर नाकापासून शेपटीपर्यंत आडवं पडलं होतं.

दादाचा डोळा माणसाचा नाही, रंगाऱ्याचा आहे. आडवा उजेड पडला की तो बघितल्याशिवाय राहत नाही. त्यानं मान तिरकी केली. गाल कुंपणाच्या खांबाला टेकवला. एक डोळा मिटला.

करड्या रंगाखाली बुजवलेल्या खिडक्यांची रांग वर आली, पुट्टी भरलेल्या भोकांसारखी. म्हणजे त्या विमानात पूर्वी माणसं बसायची. आणि पुढच्या दाराशेजारी, दारातल्या माणसाचं कोपर येईल तिथं, एक चौकोन. खालचे दोन कोपरे गोल.

दादाचे पाय माझ्या पायरीवर घट्ट झाले. इतके घट्ट, की टायरचा तुकडा जमिनीत रुतला.

विमान पुढे गेलं. गोदामाकडे वळलं. आवाज थांबला तरी तो तसाच उभा होता.

"काय दिसलं?" मास्तरांनी खालून विचारलं.

खांबाचा गंज गालाला लागला होता, तो त्यानं पुसला. मग म्हणाला, "काही नाही. रंग नीट बसला नाहीये."

तो खाली उतरला. करवत पिशवीत टाकली. कडी अर्धी कापली गेली होती. पिशवीतून त्यानं रंगाच्या डब्याच्या कडीची तार काढली आणि ती कापलेल्या जागेवर पक्की गुंडाळली. पहारेकरी फिरत आला. "कोणाची शिडी?"

"माझी," दादा म्हणाला.

चार-पाच दिवसांनी तो वहिनीला घेऊन आला. मास्तर आणि सिस्टर तेव्हा दुसऱ्या टोकाला होते, वारा फिरला होता. पण मालवाहू उतरल्यावर कुठूनही आलं तरी गोदामाकडे ह्याच वाटेनं जातं. वहिनी घाबरत माझ्यावर चढली. दादानं खालून मला दोन्ही हातांनी धरलं.

"गाल खांबाला टेकव. एक डोळा मीट. दाराजवळ बघ."

"दिसलं," ती म्हणाली. "खिसा आहे."

"हं."

"हे रोज येतं?"

"रोज."

"मग भावजींना कधी दिसलं नाही?"

दादानं माझ्या खालच्या पायरीकडे बघितलं. "तो तेव्हा खाली बसून डबा खायचा."

वहिनी माझ्या तिसऱ्या पायरीवर उभी होती. ती हलली नाही. तिथूनच म्हणाली, "मीच सांगायचे. दिवस मावळायच्या आत खा म्हणून."

"गोळीसाठी सांगायचीस."

"हो. पण मीच सांगायचे."

"त्यामुळे त्याचं पोट शांत राहिलं," दादा म्हणाला. "आणि वर असता तरी त्यानं ह्याच्याकडे बघितलं नसतं. रोजचं होतं."

ती उतरली. दोघं माझ्या खालच्या पायरीवर शेजारी शेजारी बसली. पायरी एकाच माणसापुरती आहे, तरी बसली. दादा समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी त्यानं माझ्या मानेला पाय असे आवळले होते ना, की दोन दिवस मान दुखत होती. खिसा खिसा ओरडत होता. मी हसलो. बाबांनी हात केला, तेव्हा मी हसत होतो."

एवढंच बोलला. तेव्हाही रडला नाही. मी मात्र एक गोष्ट शिकले. मी समजत होते, बारक्याची पहिली शिडी मी. तसं नव्हतं. माझ्याआधी त्याची शिडी दादा होता.

मास्तरांना आणि सिस्टरला त्यांनी अजून सांगितलेलं नाही. का, ते मला माहीत नाही. कुंपणावर अजूनही नवीन विमान आलं की सगळे त्याच्या दाराकडे बघतात, बारक्यासाठी. कदाचित ते बघणं थांबू नये, असं दादाला वाटत असेल.

आता माझं म्हणाल तर मी जुनी झालेय. माझं एक रिबीट सैल आहे. साखळीच्या कडीला तार आहे, कुलूप तसंच आहे, किल्ली नाही. दादा आठवड्यातून एक-दोनदा संध्याकाळी येतो. वहिनी डबा देते. त्याला कसली गोळी नाही, पण झाकणावर रबर असतं. जेवणाच्या विमानाचा आवाज आला की तो डबा माझ्या वरच्या पायरीवर ठेवतो, आणि गाल खांबाला लावून उभा राहतो. विमान गोदामाकडे वळेपर्यंत. मग खाली बसून जेवतो. जेवण गार झालेलं असतं.

तुम्ही कधी एखाद्या विमानतळाच्या कुंपणापाशी आलात, तर माझ्यासारखी एखादी शिडी तिथं असेल. तिच्या मालकाला विचारून वर चढा. लांबून येणारी, नवीन रंगाची, नवलाची विमानं जरूर बघा, त्यांची मजा आहेच. पण दिवस कलल्यावर एखादं करडं, जुनं, रोजचं विमान येईल आणि शेजारचा म्हणेल, हे काही नाही, हे रोजचंच आहे. तेव्हा लगेच खाली उतरू नका. ते पूर्ण जाईपर्यंत थांबा.

डबा थांबतो.